हाराखालचा बंपर

तिसरी घंटा झाली असं समजा. प्रेक्षागृहातले दिवे घालवायचं कारण नाही, कारण वेळ सकाळची आहे आणि ऊन काही कुणाच्या सांगण्यावरून कमी होत नाही. पडदा हळूहळू बाजूला सरकतो. पुंडलिकनगरचा मोठा रस्ता दिसतो. डाव्या अंगाला दूध डेअरी, उजव्या अंगाला पंक्चरवाला, त्याच्यापुढं एक मोकळा प्लॉट. आज नळाला पाणी यायचा दिवस. अशा दिवशी या भागातली बाई दारात आलेल्या पाहुण्यालासुद्धा "थांबा, पाणी आलंय" म्हणते. पण आज नळ हंड्यांच्या भरवशावर सोडून बाया रस्त्यावर आल्या आहेत. सगळ्यांच्या पुढं शेजारची साळूबाई, हातात आरतीचं ताट. आणि बरोबर मधोमध, जिथं नायकानं उभं राहावं तिथं, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा घालून रामकिसन फरकाडे उभा आहे. तो जालना रोडच्या दिशेनं बघतोय. त्याची गाडी यायची आहे.

रामकिसनच्या आयुष्यात गाडीशिवाय दिवस क्वचितच गेला असेल, आणि स्वतःच्या गाडीचा दिवस एकही उगवला नव्हता. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो गाडी हाकत होता. आधी सिल्लोडच्या बाजारात कापसाचा टेम्पो, मग एका ठेकेदाराची जीप, आणि मग थेट नानासाहेबांची पांढरी अँबेसेडर. नानासाहेब म्हणजे बिडकीनकडचे मोठे जमीनदार. शहरात बंगला, गावाकडं मळा. ती अँबेसेडर रामकिसननं अशी सांभाळली की क्रांती चौकात सिग्नलला थांबली तर शेजारचा रिक्षावाला तिच्या चकचकीत दारात बघून भांग पाडून घेई. पुढं अँबेसेडर गेली, दुसऱ्या आल्या, तिसऱ्या आल्या. नानासाहेब थकले, मुलाकडं पुण्याला गेले, आणि रामकिसन घरी बसला. घरी बसला म्हणजे नुसताच बसला नाही. गल्लीत कुणाची गाडी सुरू झाली की हा आतून सांगायचा, "प्लग साफ करून घे म्हणावं." बायको वच्छलाबाई म्हणायची, ह्यांच्या कानात इंजिन बसवलंय, पण दोन वेळा सांगितलेली भाजी ऐकू येत नाही.

गाडी घ्यायचं ठरवलं ते त्यांच्या मुलीनं. सायली कोल्हापूरला बँकेत नोकरीला होती. तिच्या घराशेजारच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेला आपली पांढरी वॅगनआर विकायची होती. बाईंनी गाडी फक्त शाळेपर्यंत आणि देवळापर्यंत चालवलेली, आणि ऊन लागू नये म्हणून तिला अंगडं शिवलेलं. सायलीनं फोटो पाठवले. रामकिसननं ते इतके वेळा बघितले की वच्छलाबाईनं एकदा विचारलं, माझा फोटो असा कधी बघितला होता का. त्यावर तो म्हणाला, तुझा फोटो आलाच कुठं होता, थेट तूच आली.

आता खरं तर तो स्वतःच कोल्हापूरला जाऊन गाडी घेऊन येणार होता. कुठं थांबायचं, कुठल्या धाब्यावर चहा घ्यायचा, कुठल्या घाटात कुठला गिअर टाकायचा, हे सगळं त्याच्या डोक्यात मांडून झालं होतं. पण तेवढ्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दिवसाउजेडी गावातल्या गावात हळू चालवा, चालेल. पण एवढा लांबचा पल्ला इतक्यात नाही. मग सायली म्हणाली, आपण गाडी ट्रकवर चढवून पाठवू. हे ऐकून रामकिसन दोन दिवस नीट जेवला नाही. चालती गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसवायची, म्हणजे घोड्याला पालखीत घालून आणायचं, असं त्याचं म्हणणं होतं.

पण मुलगी त्याचीच होती, तीही ऐकणारी नव्हती. आणि पाठवायची म्हटल्यावर तिनं जी चौकशी सुरू केली ती बघून रामकिसन थक्क झाला. एका भल्या माणसाचा त्याच्या मोबाइलवर फोन आला होता, 'काका' 'काका' करत होता, आणि सगळ्यांपेक्षा निम्म्या भाड्यात गाडी घरपोच देतो म्हणत होता. फक्त सगळं भाडं आजच पाठवा. रामकिसन पाठवायलाच निघाला होता. सायलीनं त्या माणसाला विचारलं, तुमचं ऑफिस कुठं आहे, मी येऊन बघते. त्यानंतर त्या भल्या माणसाचा फोन बंद झाला तो कायमचा. मग तिनं ज्यांच्याकडं गाडी द्यायची त्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ऑफिसात स्वतः जाऊन पाटी बघितली, कागद बघितले, वाटेत काही झालं तर विमा कुणाचा हे लिहून घेतलं, आणि थोडं भाडं आधी, बाकीचं गाडी हातात आल्यावर, असं ठरवलं.

गाडी चढवायच्या दिवशी तिनं ती धुवून, भर उन्हात उभी करून, चारी बाजूंनी व्हिडिओ काढला. टाकीत पेट्रोल जेमतेम ठेवलं. दुसरी किल्ली स्वतःजवळ ठेवली. डिकीत कोल्हापुरी गूळ आणि कांदा-लसूण मसाला घाल म्हणून वच्छलाबाईनं आवर्जून सांगितलं होतं. तर सायली म्हणाली, आई, गाडीत काहीही ठेवायचं नसतं, हरवलं तर त्याला कुणी जबाबदार नाही. वच्छलाबाई रुसली. रामकिसन म्हणाला, "पोरगी देतानाबी एवढी चौकशी करत नाय कोणी."

"माझ्या बापानं केली असती ना," वच्छलाबाई म्हणाली, "तर मी आज सिल्लोडलाच असते."

आणि आदल्या दिवशी सायलीनं फोनवर त्याला पाठ करून घेतलं. ट्रकवाला पावती देईल. तिच्यावर 'गाडी सुस्थितीत मिळाली' असं छापलेलंच असेल. तिच्याखाली नुसती सही केली की संपलं, मग काहीही निघालं तरी कुणी ऐकून घेणार नाही. म्हणून गाडी खाली आली की कुणी हात लावायच्या आत चहूबाजूंनी बघायचं, व्हिडिओ काढायचा, काही दिसलं तर पावतीवर लिहायचं, आणि मगच सही. रामकिसननं शाळेत कविता म्हणावी तसं ते तीनदा म्हणून दाखवलं.

पण पाठांतर कितीही पक्कं असलं तरी एंट्रीच्या वेळी भल्याभल्यांची वाक्यं विसरतात, हे रंगभूमीवर ज्यानं पाऊल ठेवलं त्यालाच ठाऊक.

ट्रक आला. मोठा रस्ता त्याला पुरला, पण गल्ली पुरणार नव्हती, म्हणून तो मोकळ्या प्लॉटपाशी थांबला. वर तीन गाड्या होत्या, आणि सगळ्यात मागची पांढरी, आपली. केबिनमधून एक उंच, दाढीवाला, झोप न झालेला माणूस उतरला आणि त्यानं नाव सांगितलं, सांडू. गाव कुठलं, तर सिल्लोड. झालं. वच्छलाबाई ट्रकच्या चाकापर्यंत पुढं गेली. कुठला मोहल्ला, कुणाच्या घराशेजारी, अमुक मास्तर अजून आहेत का, अशी चौकशी सुरू झाली, आणि चहा येईपर्यंत सांडू वच्छलाबाईच्या माहेरचा माणूस झाला होता.

मग फळ्या लावल्या, साखळ्या सोडल्या, आणि गाडी उतरू लागली. ती उलटी उतरली, म्हणजे आधी पाठ, मग बाकीची. जुन्या नाटकांत मोठी नटी अशीच यायची, पाठमोरी. टाळ्या पडल्यावर मग चेहरा. इथंही तसंच झालं. सांडूनं ती इतकी अलगद उतरवली की रामकिसननं मान डोलावली. कुणीतरी शिट्टी वाजवली. पुढची चाकं जमिनीला टेकली न टेकली तोच साळूबाईनं ताट पुढं केलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि गुलमंडीवरून मुद्दाम आणवलेला झेंडूचा भलामोठा हार दोघी-तिघींनी मिळून गाडीच्या तोंडावर चढवला. हार रामकिसननंच सांगून करवला होता. नवरदेवाच्या गाडीला घालतात तसा, बंपर भरून. नारळ फुटला. सगळ्यांना खोबरं मिळालं, सांडूलाही. साळूबाईनं गाडीवरून आणि रामकिसनवरून एकदमच मीठमिरच्या उतरून टाकल्या. चष्म्याआडून त्याच्या गालावर पाणी आलं होतं. विचारलं तर तो डोळ्यात टाकायच्या औषधाचं नाव सांगत होता.

सांडूनं पावती आणि पेन पुढं केलं. "चाचा, साइन मार दो. मेरेकू जालना पोहोचना है, दो गाडियां और हैं."

रामकिसननं पेन घेतलं. कागद बॉनेटवर ठेवला, स्वस्तिकाला लागणार नाही असा जपून. आणि तेवढ्यात वच्छलाबाईच्या हातातला फोन वाजला. सायली होती, व्हिडिओवर. वच्छलाबाईनं फोन गाडीसमोर धरला. सायली आधी हसली, मग टाळ्या वाजवल्या, मग म्हणाली, बाबा, पुढून दाखवा. पुढून दाखवलं. तिला झेंडू दिसला, नुसता झेंडू.

"बाबा, हार काढा."

आता ही गोष्ट काही साधी नव्हती. पुजलेला हार त्याच घटकेला काढायचा, तोही भर रस्त्यात, सगळ्या गल्लीसमोर. साळूबाईनं ताट खाली ठेवलं आणि कमरेवर हात ठेवले. ती म्हणाली, कोल्हापूरला जाऊन पोरीला लई अक्कल आलेली दिसते. पुजेच्या आधी सांगायचं होतं, आता हार काढला तर गाडी लाभेल का. दोनचार माना हलल्या. रामकिसन पेन हातात धरून नुसता उभा. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांना हार घातले, त्याला स्वतःच्या गाडीचा हार काढायचा धीर होईना.

सोडवणूक वच्छलाबाईनं केली. "साळूअक्का," ती म्हणाली, "देवाला आंघोळ घालायची तर आपण हार काढतोच की. ती एवढ्या लांबून आलीय. तोंड तर धुवू द्या तिला."

साळूबाईनं कमरेवरचे हात खाली घेतले. रामकिसननं हार दोन्ही हातांनी उचलला. जमिनीवर ठेवायचा नाही, गाडीवर ठेवायचा नाही, मग ठेवायचा कुठं, म्हणून त्यानं तो स्वतःच्याच गळ्यात घातला. आणि मग वाकून बघितलं.

बंपरला डाव्या दिव्याखालून नंबरप्लेटपर्यंत चीर गेली होती. खालच्या छोट्या फॉगलाइटची काच गायब, नुसती खोबण उरली होती. सायलीनं पाठवलेल्या व्हिडिओत हे काही नव्हतं. तो व्हिडिओ रामकिसनला तोंडपाठ होता. साळूबाई लगेच म्हणाली की हे काही माझ्या हारानं झालेलं नाही.

सांडूचा चेहरा उतरला. त्यानं बोट फिरवून चीर बघितली, मग रामकिसनला बाजूला घेतलं. तो सांगू लागला की हे माझ्या हातून झालेलं नाही, कसम घेतो. पण पावतीवर लिहिलं तर ऑफिसवाले विचारणार नाहीत, ट्रकच काढून घेतील. मागच्या महिन्यात एकाचा असाच काढला. "साफ साइन मारो, चाचा. बादमें ऑफिसकू फोन करके बोलना. लिखो नक्को."

इकडून सायली फोनमधून सांगत होती, बाबा, आता लिहिलं नाही तर पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. वच्छलाबाई एकदा मुलीच्या तोंडाकडं बघे, एकदा माहेरच्या माणसाकडं. आणि रामकिसनच्या हातात पेन. नुसती सही केली तर आयुष्यातली पहिली गाडी फुटक्या तोंडानं घरात घ्यायची आणि लेकीची सगळी धडपड पाण्यात घालायची. लिहिलं तर एका ड्रायव्हरची गाडी जायची. आणि ड्रायव्हरची गाडी जाते म्हणजे काय, हे त्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाला माहीत नसलं तरी त्याला माहीत होतं.

अँबेसेडरच्या दिवसांतली गोष्ट. नानासाहेबांचा भाचा सुटीला आला होता, त्यानं हौसेनं गाडी मळ्यावर नेली आणि फाटकाला घासून आणली. रामकिसन गप्प राहिला. कोवळं पोर आहे, पाहुणा आहे, असं म्हणून गप्प राहिला. नानासाहेबांनी दारावरचा ओरखडा बघितला आणि काही न विचारता तळहात पुढं केला. रामकिसननं त्या तळहातावर किल्ली ठेवली. मग अख्खा उन्हाळा गाडी दुसऱ्यानं चालवली आणि रामकिसननं ती नुसती धुतली. पावसाळ्यात किल्ली परत मिळाली, पुढं नानासाहेबांनी त्याला घरच्यासारखं वागवलं, मुलीच्या शिक्षणाला मदत केली. माणूस वाईट नव्हताच. पण 'किसन, काय झालं होतं?' एवढं मात्र कुणी कधी विचारलं नाही.

त्यानं पेनाचं टोपण लावलं.

"सांडूभाई, आधी ह्ये सांग, काय झालं? गाडी तू ताब्यात कुठं घेतली?"

सांडूला हे अपेक्षित नव्हतं. तो सांगू लागला. कोल्हापूरहून गाडी दुसऱ्या ट्रकनं पुण्यापर्यंत आली. पुण्याबाहेर ट्रान्सपोर्टच्या यार्डात ती उतरवली आणि तिथून याच्या ट्रकवर चढवली. यार्डातल्या पोरांनीच चढवली, तोंड केबिनकडं करून. संध्याकाळ झाली होती, मागं गाड्यांची रांग, मुकादम ओरडत होता; सांडूनं साखळ्या तपासल्या आणि कागदावर सही केली.

"आन् पुढून बघितली होती?"

सांडू खाली बघायला लागला. "नहीं देखा."

रामकिसनला हसू आलं. गळ्यातला हार हलायला लागला इतकं हसू आलं. तिथं यार्डात मुकादम ओरडत होता म्हणून यानं न बघता सही केली, इथं साळूबाई ओवाळत होती म्हणून तो स्वतः करणार होता. दोघं ड्रायव्हर, दोघांची खोड एकच. पुढच्याला उशीर नको, वाद नको. दाबून टाकायचं आणि गाडी काढायची. तो सांडूच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, आपली जातच अशी, बाबा.

मग त्यानं विचारलं, तिथं कुणी बघितलं असेल का, कुठं काही फोटो. सांडू नाही म्हणाला, आणि नाही म्हणता म्हणता थांबला. त्याची धाकटी मुलगी, आयशा. तिला गाड्यांचं वेड. दर खेपेला काय काय गाड्या आहेत ते बघायचं असतं तिला, म्हणून चढवायच्या आधी तो रांगेचा फोटो काढून पाठवतो. त्यानं फोन काढला. फोटोत तीन गाड्या यार्डात उभ्या होत्या, तोंडं समोर, आणि मागं यार्डाची पाटी. ट्रक बाजूला रिकामा उभा होता. सांडूनं दोन बोटांनी पांढरी गाडी मोठी केली. डाव्या दिव्याखालून चीर. खोबण रिकामी. मुलीनं त्या फोटोखाली फुलांची आणि लाल बदामांची चित्रं पाठवली होती.

"या अल्ला," सांडू हळूच म्हणाला, आणि तिथंच फळीवर बसला.

मग काय विचारता. जी गल्ली आतापर्यंत प्रेक्षक होती ती सगळी रंगमंचावर आली. तो फोटो सायलीला गेला, सायलीनं तो आपल्या कोल्हापूरच्या व्हिडिओशेजारी लावून परत पाठवला. पंक्चरवाल्यानं बंपर हलवून बघितला आणि आतलं काही गेलं नाही असा निकाल दिला. साळूबाईनं आपणहून ताट उचललं आणि राहिलेलं खोबरं सांडूच्या हातावर ठेवून सांगितलं, हे तुझ्या लेकीला. रामकिसननं चारी बाजूंनी व्हिडिओ काढला. अर्ध्या व्हिडिओत त्याचाच हार येत होता म्हणून पुन्हा काढला. गाडी किती किलोमीटर चाललीय ते बघितलं. दारं उघडून लावून बघितली. आणि मग तो पावतीकडं आला.

त्याचं शिक्षण सातवीपर्यंतचं. अक्षर मोठं आणि सावकाश. 'गाडी सुस्थितीत मिळाली' या छापील ओळीवर त्यानं आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं. काय फुटलंय ते लिहिलं, कुठल्या बाजूला ते लिहिलं. मग सांडूकडं बघितलं आणि पुढं लिहिलं, की यार्डातल्या फोटोत हे आधीपासून दिसतं, आणि ड्रायव्हरनं गाडी माझ्यासमोर व्यवस्थित उतरवली, माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. हे सगळं पावतीच्या त्या जागेत मावणारं नव्हतं. शेवटची ओळ कडेनं वर चढली. सांडूनं ती अक्षर लावत लावत, कागद फिरवून वाचली. दोनदा वाचली. मग दोघांनी सह्या केल्या, आणि सायलीनं पावतीचा फोटो मागून घेतला.

हार पुन्हा गाडीला घातला गेला. या वेळी साळूबाईनं तो आधी दोन्ही बाजूंनी उलटून बघितला, आणि सगळे हसले.

सांडूनं ऑफिसला फोन लावून सांगितलं. पलीकडं आवाज चढलेला इकडंसुद्धा ऐकू येत होता. सांडू नुसता 'जी, जी' करत होता. मग त्यानं फोन रामकिसनपुढं धरला. पलीकडचा साहेब घाईत होता. त्यानं नाव विचारलं नाही. ड्रायव्हरलोकांशी बोलायला मला वेळ नाही, गाडीच्या मालकाला फोन द्या, म्हणाला. वच्छलाबाई, साळूबाई, पंक्चरवाला, डेअरीवाला, सगळे रामकिसनच्या तोंडाकडं बघत होते. त्यानं काळा चष्मा काढून खिशात ठेवला, एकदा पांढऱ्या गाडीकडं बघून घेतलं, आणि कुठलीही घाई न करता, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

"मालकच बोलतोय मी. बंपरचं तुमच्या यार्डात विचारा, सांडूला नाय. त्यानं लेकरावानी उतरवलीय गाडी माझी."